तिकटीवरची बाहुली आणि तुमचं प्रश्नचिन्ह

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

पत्र मोबाईलवर टाईप करतेय, शुद्धलेखनाचं तुम्हीच बघून घ्या. गेल्या अमावस्येनंतर तुमच्या पेपरात आमच्या गावाची चार ओळींची बातमी आली होती, तिकटीवर (तीन वाटा मिळतात तिथं) बाहुली, लिंबू, बिब्बे आणि टाचण्या सापडल्या म्हणून, वर हेडिंग "भानामतीचा प्रकार?" आणि शेवटी "गावात गूढ वातावरण". गाव निपाणी तालुक्यातलं, वेदगंगेच्या काठचं, एवढंच पुरे, नाव परत छापू नका. तुम्ही प्रश्नचिन्ह टाकून मोकळे झालात पण त्याचं उत्तर इथं दुसऱ्याच दिवशी चहाच्या गाड्यावर ठरलं आणि परवा रात्री वरच्या गल्लीतल्या आज्जींच्या पत्र्यावर दगड पडले. दगड आभाळातनं पडले म्हणे. आभाळाला बरोबर एकच घर सापडलं.

या आज्जी मूळच्या आमच्या गावच्या नव्हेत. घटप्रभेवर हिडकलचं धरण झालं त्यात त्यांचं गाव गेलं. धरण पुरं होऊन पन्नास वर्षं होत आली तरी त्यांना अजून "धरणवाली" म्हणतात, नावानं कुणी हाक मारत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ वर येतं, ते बघायला त्या दरवर्षी जातात, आणि गावातल्या बायका म्हणतात की बुडालेल्या गावात एकटी जाऊन काय करती कुणास ठाऊक. देवाला जाऊन येणारी बाई, त्यावरही शंका.

आता मला जे सांगायचंय ते जुलै २०२४ च्या पुराचं आहे. जत्राट-भिवशीचा बंधारा पाण्याखाली गेला, खालच्या गल्लीत गुडघाभर पाणी आलं आणि आम्हा सगळ्यांना शाळेत नेऊन ठेवलं. कागदावर त्याला काळजी केंद्र म्हणतात, आम्ही गंजी केंद्रच म्हणतो. सहा दिवस होतो. एका वर्गात आम्ही दोन घरं, आज्जी (त्यांचा पत्रा तेव्हा गळत होता), हायवेच्या सहापदरीच्या कामावरची झारखंडची दोन पोरं ज्यांच्या शेडमध्ये पाणी शिरलेलं, मंगळवेढ्याकडचं एक म्हातारं डवरी गोसावी जोडपं जे फिरत फिरत आमच्याकडं अडकलं, आणि शाळेच्या कन्नड बाई, त्या दावणगेरेकडच्या, बदलीनं आलेल्या. लाईट नाही, बाहेर पाऊस धो धो, मग माणसं काय बोलणार, भुताखेताचंच निघालं.

बाईंनी सांगितलं की त्या लहान होत्या तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकात, दारावर खडूनं "नाळे बा" लिहायचे. नाळे बा म्हणजे उद्या ये. रात्री एक बाई ओळखीच्या आवाजात हाक मारते, दार उघडलं की संपलं, पण ते वाचून ती परत जाते आणि दुसऱ्या दिवशी परत तेच वाचते. आम्ही लई हसलो, भूतसुद्धा सरकारी हापिसात आल्यासारखं रोज परत जातंय. झारखंडचा मोठा पोरगा मात्र हसला नाही. त्यांच्याकडं गावात कुणी तापानं मेलं, म्हैस आटली की ओझा, म्हणजे तिकडचा मांत्रिक, एखाद्या बाईचं नाव घेतो आणि तिला डायन, म्हणजे चेटकीण, ठरवून मारतात, त्याच्या वडिलांच्या चुलतीला असंच गाव सोडावं लागलेलं. भाच्यानं नंतर मोबाईलवर बघून सांगितलं की बिहारनं त्याविरुद्ध १९९९ ला कायदा केला आणि झारखंडनं २००१ ला.

तेव्हा आज्जींनी काय केलं, पानाच्या डब्यातला चुना घेतला, स्वयंपाकाची हळद घेतली, पाण्यात कालवून तळहातावर चोळलं आणि हात वर धरला तर लालभडक. पोरगा म्हणाला, "यही, हमारा ओझा यही करता है!" आज्जी म्हणाल्या, "आमचा देवरुषी बी हेच करतोय लेकरा. त्येचं पाचशे घेतोय." सगळा वर्ग हसला. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गोसावीबाबा इतका वेळ गप्प होते. त्यांनी राईनपाड्याचं सांगितलं. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, त्यांच्याच समाजाची पाच माणसं भिक्षा मागायला गेलेली, बाजाराचा दिवस, मुलं पळवणारी टोळी म्हणून लोकांनी धरली आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारली. तेव्हापासून म्हणे ते कुठल्याही गावात शिरले की आधी पोलिसात जाऊन आधारकार्ड दाखवतात आणि लहान पोराच्या डोक्यावर हात ठेवत नाहीत. भविष्य सांगणारा माणूस आणि पोराला आशीर्वाद द्यायची चोरी. आणि २०२२ च्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्याला लागूनच सांगलीच्या जत तालुक्यात लवंग्याला मथुरेचे चार साधू असेच बदडले, विजापूरहून पंढरपूरला चाललेले, एका पोराला वाट विचारली एवढंच निमित्त.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा धाकटा दिसेना. चार वर्षांचा. आधीच मोबाईलवर ती क्लिप फिरत होती, टोळी आलीय, किडनी काढतात म्हणून, त्यात महाराष्ट्रात रात्रीच्या ड्रोनची चर्चा, पोरं गस्त घालत होती. मी ओरडले, "माझं पोर कुठाय, ती परप्रांतीय पोरं कुठायत?" संपादक साहेब, हे वाक्य माझंच आहे, दुसऱ्या कुणाचं नाही. त्या पोरांनी आदल्या रात्री माझ्या धाकट्याला बिस्किट दिलेलं, ते मला त्या क्षणी वेगळंच दिसायला लागलं. दहा मिनिटांत गस्तीची तीस-चाळीस जणं काठ्या घेऊन शाळेत, पुढं माझ्याच दिरांचा मुलगा. ती दोघं वर्गात कोपऱ्यात बसलेली. आणि आज्जी उंबऱ्यात बसल्या, आडव्या पाय पसरून. म्हणाल्या, "मला वलांडून जावा. आनि आदी तांदळाच्या पोत्यामागं बगा."

पोर पोत्यामागं झोपलेलं होतं.

काठ्या खाली गेल्या, कुणी चहा आणला, माझे मालक त्या पोरांच्या हाताला धरून काहीतरी बोलले. मी काहीच बोलले नाही, तोंडच उचललं नाही. सहाव्या दिवशी पाणी उतरलं, ती पोरं गेली, त्यांचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

म्हणून तुमचं ते "गूढ वातावरण" मला वाचवत नाही. मला माहितेय ते कसं तयार होतं, मी एक तयार केलंय, त्याला एक वाक्य लागतं आणि दहा मिनिटं. आणि आता बघा, त्या रात्री हळद-चुन्यावर हसलेली आमच्याच गावची पोरं आज म्हणतात की धरणवालीला येतंय, तिनं शाळेत आमच्यासमोर हातातनं रगत काढून दाखवलंतं. पोर कुठं झोपलंय ते तिला न बघता कसं कळलं, हेही आता विचारतात. अहो, दिवसभर ती स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसली होती, तिला नाही कळणार तर कुणाला?

कायदा आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून, आपल्या कर्नाटकात २०१७ ला केलेला आणि २०२० पासून लागू, भूत उतरवायच्या नावाखाली कुणाला मारणं गुन्हा आहे. अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या, पानसरेंना कोल्हापुरात, कलबुर्गींना धारवाडात, तिन्ही गावं याच हायवेवर, आमच्या बसथांब्यावरनं तिकडं गाड्या जातात. तरी तुमच्याच पेपरात मागच्या पानावर २४ तासांत करणी काढून देणाऱ्याची छोटी जाहिरात असते, मोबाईल नंबरासकट. तिला प्रश्नचिन्ह नसतं.

माझी विनंती एवढीच आहे की हळद-चुन्याचं छापा, घरी करून बघा म्हणावं, आणि ती भानामती नव्हती हे बिनप्रश्नचिन्हाचं छापा.

कारण मी शिवणकाम करते. ती बाहुली मी तिकटीवर जवळनं बघितली, तिला गुंडाळलेलं कापड जांभळ्या ब्लाऊज पीसचं होतं, काठाला माझ्याच मशीनची टीप, मशीनचा एक टाका सुटतो तो तिथंही सुटलेला. ब्लाऊज कुणाचा शिवला होता ते वहीत लिहिलेलं आहे. आज्जी नव्हेत, त्या नऊवारीवर पोलकं स्वतः हातानं शिवतात. तुमचा वार्ताहर विचारायला आला तर त्याला वही दाखवणार नाही, दगड त्या घराच्या पत्र्यावर जायला दहा मिनिटंही लागणार नाहीत.

आपली,
एक वाचक, निपाणी तालुका
(नाव छापू नये)