नऊ प्रश्न म्हणजे निदान नव्हे

संपादक महोदय,

मोबाइलवर ‘पीएचक्यू-९’ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली सोडवून ‘मला नैराश्य आहे’ असे ठरवणे घाईचे आहे. ती केवळ चाळणी आहे. २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले तर पुढची तपासणी हवी, इतकेच. निदानासाठी नऊपैकी किमान पाच लक्षणे सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात. त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक हवेच. शिवाय रोजचे कामकाज बिघडलेले असते. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, दारू, स्टेरॉइड यांमुळेही असेच दिसू शकते, म्हणून रक्ततपासणी टाळू नये.

सर्वांत महागात पडणारी चूक वेगळीच. ‘पूर्वी कधी चार-पाच दिवस जेमतेम तीन तास झोपूनही उत्साह ओसंडत होता का? बडबड, खर्च अचानक वाढला होता का?’ हे विचारलेच जात नाही. रुग्णाला असा उत्साह आजार वाटत नाही, म्हणून तो सांगत नाही. बायपोलर, म्हणजे उदासी आणि उन्माद (अतिउत्साह) यांचे झटके येणारा आजार, असताना नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो. म्हणून पहिल्या भेटीला घरचे माणूस आणि डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. आत्महत्येचे विचार असतील तर मात्र थांबू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक लगेच लावावा.

– एक मानसोपचारतज्ज्ञ