वर्गाची खिडकी उघडी हवी

बेळगावात पाऊस लागला की झड आत येते म्हणून वर्गाच्या खिडक्या बंद होतात, त्या थेट गणपतीपर्यंत. परवा मुलीचा डबा द्यायला शाळेत गेलो. तावदानांवर आतून वाफ धरलेली, ओल्या रेनकोटांचा कुबट वास आणि मागच्या बाकावरची मुलं पेंगत होती. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सुमारे ४२० भाग असतो. भरलेल्या बंद वर्गात तो सहज हजारापलीकडे जातो. म्हणजे मुलं एकमेकांचा उच्छ्वासच आत घेतात! जागतिक आरोग्य संघटना अशा ठिकाणी माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सुचवते. पंखा ती आणत नाही, आहे तीच घुसळतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या वीतभर उघड्या राहाव्यात, झड अडवायला वर पत्रा लावावा. शाळा सुधारणा समित्यांनी एवढं याच पावसाळ्यात करावं.

— एक पालक, शहापूर, बेळगाव