आंटी, नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी दिलेल्या हळदीच्या पानांबद्दल थँक्यू

प्रिय आंटी,

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "गप गो, पानांचं काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, तुमची सून वाचून दाखवेलच. वर्ष होत आलं तरी त्या संध्याकाळचं आठवलं की गळा दाटून येतो, आणि आता परत श्रावण तोंडावर आलाय, आत्ता नाही लिहिलं तर राहूनच जाईल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. माझी आई मूळची सावंतवाडीकडची. गेल्या वर्षी न्यूमोनिया होऊन हॉस्पिटलात होती, घरी आली ती तोंडाची चव पार घालवून. पेजेचे दोन चमचे घेतले की वाटी बाजूला. ते दिवस कसे गेले ते सोडा. एका दुपारी स्वतःहून म्हणाली, "पंचमीला पातोळ्या करशील काय?" आजारपणात तिने तोंडाने मागितलेली ही पहिली गोष्ट. आता हळदीच्या पानात वाफवायच्या त्या पातोळीला लागतं काय, तांदळाची पिठी, ओलं खोबरं, गूळ, वेलची, सगळं घरात असतंच. पण हळदीचं पान नसेल तर ती पातोळी नाही. केळीच्या पानात वाफवून बघा, पोट भरेल पण तो वास येणार नाही, आणि आईला तर तो वासच हवा होता.

पान मिळवायचं म्हणजे काय वैताग असतो ते बाल्कनीत झाडं लावणाऱ्यांना माहितीय. एका नर्सरीवाल्याने मला आधीच हळद म्हणून जे रोप दिलं होतं त्याला मोठ्या थाटात लाल फूल आलं, कर्दळ निघाली ती! दिसायला पान तसंच, चुरगळलं की वास शून्य. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटावर 'अस्सल सांगली' छापलेलं, सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून ज्याला त्याला तेच नाव छापायचं असतं, आणि आत निघाले बुरशी लागलेले मऊ गड्डे, तक्रार केली तर उत्तरसुद्धा नाही. श्रावणात दादरच्या मार्केटात पानं येतात हे मलाही माहितीय हो, पण आईला एकटं सोडून जाणार कशी, म्हणून घरातल्याच एकांना सांगितलं, ते "नक्की आणतो" म्हणाले आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. वर म्हणे "एवढं काय त्या पानाचं, पुढच्या वर्षी कर." जिला आजचा घास जात नाही तिला पुढच्या वर्षाचं सांगायचं? मला अजून राग आहे त्याचा.

आंटी, तुमच्याकडे मी मागितलं नव्हतं. मागताच आलं नसतं मला, कारण गच्चीवरच्या तुमच्या बादल्यांत किती पानं आहेत ते रोज दिसत होतं आणि 15 ऑगस्टचं मदर मेरीचं फेस्त, म्हणजे तुमचा सण, अडीच आठवड्यांवर आलेलं. गोव्यात त्या दिवशी घरोघर पातोळ्या होतात, तुम्ही इथे मुंबईत राहून एक वर्ष चुकवलेलं नाही, ती पानं त्यासाठीच वाढवलेली. लिफ्टमध्ये बोलता बोलता माझ्या तोंडून आईचं निघून गेलं एवढंच.

आणि पंचमीच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही दारात उभ्या. हातात पानांची जुडी, ओल्या फडक्याने पुसलेली, देठं काढलेली, टोकं सारखी केलेली, पातोळीला हवी तेवढ्या लांबीची. म्हणालात, "तुमच्यात उद्या कापीत नाय ना, म्हणून आजच कापून आणली."

मला काही बोलताच आलं नाही. पंचमीला विळी-सुरी चालवायची नाही, तवा ठेवायचा नाही, वाफवलेलंच खायचं हे आमच्या घरातल्या अर्ध्या लोकांच्या लक्षात नसतं. तुम्हाला होतं. आणि जुडीला दोरा किंवा रबर नव्हतं, केळीचा वाख, म्हणजे खांबाच्या सोपटाची वाळवलेली पट्टी, बांधलेला, त्याला सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटते, म्हणजे कात्रीसुद्धा लागायला नको! एवढा विचार कोण करतं हो दुसऱ्याच्या सणाचा? पानं देणारे कदाचित मिळाले असते, पण माझ्या आईचं व्रत आपल्या हाताने मोडू नये म्हणून गाठ कुठली मारायची याचा विचार करणारं माणूस मी तरी दुसरं बघितलेलं नाही.

आईने ती जुडी आधी नाकाला लावली आणि बराच वेळ तशीच धरून बसली. दुसऱ्या दिवशी तिने एक अख्खी पातोळी खाल्ली, वरून तुपाची धार मागून घेतली. त्यानंतर हळूहळू जेवायला लागली. औषधांनी बरी झाली हे कबूल, पण भूक त्या पानांनी आणली असं ती स्वतः सगळ्यांना सांगते. तुम्ही नंतर उकड्या तांदळाच्या आणि माडाच्या काळ्या गुळाच्या तुमच्या पातोळ्या पाठवल्यात तेव्हा तर "आमच्यापेक्षा ह्या खमंग" असं चक्क आई म्हणाली, आईच्या तोंडून दुसऱ्याच्या पातोळ्यांची स्तुती मी पहिल्यांदा ऐकली.

मे महिन्यात तुम्ही मला तुमचे गड्डे दिलेत, डोळे असलेला तुकडा कसा निवडायचा ते दाखवलंत, रंगाच्या रिकाम्या बादल्यांना खाली भोकं पाडून तळाला नारळाच्या शेंड्या घालायला लावल्यात, शेणखत स्वतः कालवलंत. वाखाचंही शिकवलंत. घड उतरवल्यावर केळीचा खांब फेकायचा नाही, त्याची सोपटं सोलायची, चिरून बारीक पट्ट्या काढायच्या, वाळवून ठेवायच्या आणि बांधायच्या आधी पाण्यात भिजवायच्या की तुटत नाहीत. अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, तुम्ही त्यातच गुंफता ना, मला अजून तेवढं जमत नाही, पण सुरगाठ जमते.

माझ्या बादल्यांमध्ये आता पानं मस्त वर आलीत. काल एक चुरगळून बघितलं, तोच वास. आणि यंदा अधिक महिना आल्यामुळे पंचमी 17 ऑगस्टला आहे, म्हणजे तुमचं फेस्त आधी. तेव्हा पहिली पानं तुमची, हे आई आणि मी ठरवून टाकलंय. 14 तारखेला संध्याकाळी मी जुडी घेऊन येतेय, पुसून, देठं काढून, वाखाने बांधून. तुमच्या पातोळ्यांना लांबी किती लागते तेवढं फक्त सुनेकडून कळवा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची