शाल-श्रीफळ नको म्हणणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

"शाल ठेवायला घरात जागा नाही आणि नारळ मला फुटत नाही," असं सांगून तुम्ही, आमच्या सातवीला शनिवारी कविता शिकवल्याबद्दलचा शाळेचा सत्काराचा बेत हाणून पाडलात. कार्यक्रम रद्द झाला, हार वाचला, पण आभार मानायचे राहिले ते राहिलेच. म्हणून हे जाहीर पत्र. नाव लिहीत नाही, तीही तुमचीच अट. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात नेमाने येणाऱ्यांना ते लिहायची गरजही पडणार नाही.

ही ओळख झाली तीही तिथलीच. दिवाळीच्या सुट्टीत मी सातवीच्या मुलांसाठी सोप्या कविता शोधत बसले होते. 1893 सालापासूनचं ग्रंथालय, कवितासंग्रहांना तोटा नाही, आणि मी आपली 'सोपं, सोपं' करत पानं उलटत होते. शेजारच्या टेबलावरून तुम्ही म्हणालात, "सोप्या कशाला? वेगवेगळ्या द्या." मग कळलं की तुम्ही गिरगावच्या छापखान्यात कंपॉझिटर होता, हाताने खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवण्याच्या काळातले. कवितेकडे बघायची तुमची नजर त्या खिळ्यांतून तयार झालेली. "गद्य जुळवताना ओळ आपण भरतो, कवितेची ओळ कुठे सोडायची ते कवी ठरवतो," हे तुमचं वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं. वार्षिक परीक्षेपर्यंत कोणी पुसलं नाही.

आमच्याकडे कविता कशी शिकवली जाते हे तुम्ही पाहिलंतच. कविता एकदा वाचायची, कठीण शब्दांचे अर्थ लिहून द्यायचे आणि लगेच 'कवितेतून मिळणारा संदेश'. संदेश गाइडात असतो, त्यामुळे कविता न वाचताही चार गुण मिळतात. तुम्ही पहिल्याच शनिवारी अर्थ विचारायलाच बंदी केलीत. 'सुंदर ते ध्यान' फळ्यावर लिहिलंत आणि बोटांवर अक्षरं मोजायला लावलीत. सुं-द-र-ते-ध्या-न, सहा. उ-भे-वि-टे-व-री, सहा. क-र-क-टा-व-री, सहा. ठे-वो-नि-या, चार. मागच्या बाकावरून हरकत आलीच, 'ध्या'मध्ये तर दोन अक्षरं आहेत. तुम्ही म्हणालात, "जुळवताना खिळे कितीही लागोत, तोंडातून एका दमात निघालं तर ते एक." खिशातून मूठभर जुने खिळे काढून बाकावर ठेवलेत. उलटी अक्षरं वाचायला मुलींनी कंपासच्या डब्यातले आरसे बाहेर काढले, आणि खिळे शिशाचे म्हणून तुम्ही झाडून सगळ्यांना साबणाने हात धुवायला पाठवलंत.

सहा-सहा-सहा-चार, मधल्या दोन चरणांचं यमक. मोठ्या अभंगाचा हा साचा एकदा बोटांना कळल्यावर पुढे काही सांगावं लागलं नाही. पुढच्या आठवड्यात वहीत हे सापडलं:

ठाण्याची लोकल
आली फलाटाला
धक्का बसे मला
शिरताना

तुकोबांच्या साच्यात ट्रान्स हार्बर लोकलची गर्दी! मी जरा बिचकले होते, तुम्ही मात्र मोजून बघितलंत आणि बरोबरची खूण केलीत. विषयाबद्दल चकार शब्द नाही.

वृत्तांची मला धास्ती होती. यमाताराजभानसलगं हे गणांचं सूत्र मला स्वतःला बी.ए.ला रडवून गेलेलं. तुम्ही गणांची नावं घेतलीच नाहीत. मनाच्या श्लोकांवर टाळी मारायला लावलीत, एक छोटी, दोन लांब, असं चार वेळा. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे.' बारा अक्षरं संपेपर्यंत वर्ग डोलायला लागला आणि मग सांगितलंत की याला भुजंगप्रयात म्हणतात. शार्दूलविक्रीडिताच्या वेळी तर कहर. तुम्ही पहिली ओळ चालीवर म्हटलीत आणि वर्गाने 'शुभमंगल सावधान' करून खडूचे तुकडे अक्षता म्हणून उडवले. एकोणीस अक्षरी वृत्त, बाराव्या अक्षरावर थांबा, हे आता त्यांना जन्मभर विसरता येणार नाही, निदान लग्नात तरी.

फटका, म्हणजे उपदेशाची कविता, त्यांना सगळ्यात आवडला, त्यात नवल नाही. दुसऱ्याला उपदेश करायला कोणाला आवडत नाही? 'बिकट वाट वहिवाट नसावी, धोपट मार्गा सोडु नको' हे अनंत फंदींनी पेशवाईच्या काळात लिहिलं, आमच्या वर्गात त्याचं असं झालं:

डबा कुणाचा फस्त करुनिया झाकण उलटे लावु नको

ज्याचा डबा गेला त्यानेच लिहिलं होतं. मात्रा चोख, तक्रार खरी.

सुनीत, म्हणजे सॉनेट, मात्र गळी उतरलं नाही. केशवसुतांनी ते मराठीत आणलं, चतुर्दशक म्हटलं, चौदा ओळी, आठांनंतर वळण, हे सगळं मुलांनी ऐकून घेतलं आणि तिथेच सोडून दिलं. बारा वर्षांच्या पोराला चौदा ओळी एकाच विचारात काढा म्हणणं जरा जास्तच. गझलेचं तसं नाही. प्रत्येक शेर, म्हणजे दोन ओळींची जोडी, सुटा उभा राहतो म्हटल्यावर ज्यांची दोन ओळींतच दमछाक होते तेही हजर. सुरेश भटांच्या 'गझलेची बाराखडी'तली पानं झेरॉक्स करून तुम्ही वाटलीत, काफिया म्हणजे यमकाचा शब्द बदलतो, त्यामागचा रदीफ तसाच राहतो हे पाठ झालं, आणि 'झाला नाही' हा रदीफ घेऊन वर्गाने गृहपाठाच्या सबबींचा ढीग रचला. गझल नव्हती ती, पण काफिये पक्के होते.

आता मुक्तछंद. इथे तुमचं-माझं पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. तुमचं म्हणणं, बांधलेलं आल्याशिवाय सोडायचं कसं कळणार, म्हणून मुक्तछंद सगळ्यात शेवटी. ज्यांनी तो मराठीत रुजवला त्या कवी अनिलांनीच पुढे दहा ओळींची दशपदी घडवली, असा दाखलाही दिलात. दाखला बिनतोड आहे. पण काका, माझ्या वर्गात घरी भोजपुरी, कन्नड, तेलुगू बोलणारी मुलं आहेत. यमकासाठी लागणारा मराठी शब्दांचा साठा त्यांच्याकडे नाही, सांगायचं मात्र खूप आहे. मुक्तछंद आणि हायकू आले तेव्हाच ती बोलायला लागली. शिरीष पैंनी हायकू मराठीत आणला आणि जपानी पाच-सात-पाचचं मोजमाप मराठीत सगळे पाळत नाहीत, असं तुम्ही सांगूनही एका गप्प मुलाने ते पाळलं. ऐरोलीच्या खाडीवरचे फ्लेमिंगो बघून आल्यावर:

ओहोटी आली
चिखलात गुलाबी
पायच पाय

हा मुलगा नोव्हेंबरातच हाती लागला असता, असं मला वाटतं. पुढच्या वर्षी या मुद्द्यावर मी भांडणार आहे.

पण ज्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला बसले ती गोष्ट वेगळीच. ऐरोली गावातली एक मुलगी. आगरी बोलते म्हणून तिला हसतात, त्यामुळे वर्गात ती तोंडच उघडत नसे. 'घरात कोणाला जुनी गाणी येतात?' या तुमच्या प्रश्नावर तिने उत्तर दिलं नाही, मैत्रिणीने दिलं: "सर, हिची आजी धवलारीण आहे, लग्नात धवले म्हणते." पोरं हसली. तुम्ही खुर्चीतून उठलात आणि फळ्यावर एकच नाव लिहिलंत, महदंबा. तेराव्या शतकातली महानुभाव पंथातली बाई, मराठीची आद्य कवयित्री मानली जाते, आणि तिने रचले ते श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे. "पुस्तकात शिकतो ते हिच्या घरात अजून म्हणतात," एवढंच बोललात. हसू जागच्या जागी विरलं.

आजी आधी यायलाच तयार नव्हत्या. "मी शाला शिकलेली नाय, मी काय शिकवनार?" तुम्ही दोनदा त्यांच्या दारात गेलात. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, कुसुमाग्रजांच्या फोटोला हार घालून झाल्यावर त्या हिरव्या लुगड्यात मंचावर बसल्या आणि माइक बाजूला सारून म्हणायला लागल्या. एक ओळ त्या म्हणत, तीच नात मागून ओढत होती. तीच मुलगी, जिचा आवाज मी वर्षभरात हजेरीपुरताच ऐकला होता. संपल्यावर एका सातवीच्या पोराने आजींना विचारलं, "यात अक्षरं किती असतात?" आजी म्हणाल्या, "मोजली तर इसरन." तुम्ही हसून माझ्याकडे पाहिलंत. तुमच्या आख्ख्या पद्धतीवर हा एकच टोला बसला, आणि सर्वात जास्त खूश तुम्हीच होतात!

म्हणून आभार. अक्षरं मोजायला शिकवल्याबद्दल, आणि त्या दारात दोनदा गेल्याबद्दल जास्त.

आता कामाचं. तुमची वही माझ्याकडे राहिली आहे, आर्या वृत्ताची पानं मी उतरवून घेतेय, जूनमध्ये परत देते. हा वर्ग आठवीत गेला तरी शनिवारी बसू द्या म्हणून मागे लागलाय आणि नव्या सातवीलाही तुम्ही हवे आहात, म्हणजे वर्ग दोन घ्यावे लागतील. दुपारचा चहा आणि ऐरोली स्टेशनपर्यंत रिक्षा शाळेतर्फे, यावर मात्र तुमची अट चालणार नाही. शिवाय भारूड राहिलंय. नाथांचा विंचू करायचा म्हणून एकाने पुठ्ठ्याची नांगी करून ठेवली आहे, ती कपाटात मावत नाही. लवकर कळवा.

तुमची,
सातवी 'ब'च्या मराठीच्या बाई
ऐरोली, नवी मुंबई