उंदीर पडायला लागले की...

प्रिय बंड्या,

तुझा परवाचा मेसेज वाचला, फोनवर सांगून संपणारं प्रकरण नव्हतं म्हणून आज रविवारचा निवांत लिहायला बसलोय, बायको माहेरी आणि चहा माझा मलाच करायचाय, तेव्हा अधेमधे पत्र तुटलं तर समजून घे.

तर तुझ्या पोरीला कॉलेजात मॅथेमॅटिकल मॉडेलिंगचा, म्हणजे खऱ्या गोष्टी गणितात मांडायचा, प्रोजेक्ट दिलाय आणि ती कोल्हा-ससा करून मोकळी होणार म्हणतेय. करू दे की, त्यात वाईट काही नाही. ससे वाढले की कोल्ह्यांची चंगळ, कोल्हे वाढले की सशांचा फडशा, मग कोल्हे उपाशी, मग परत ससे, दोन रेघा एकमेकींच्या मागं लाटांसारख्या पळत राहतात, दिसायला झकास दिसतं. व्होल्टेरा नावाच्या इटालियन गणितज्ञानं हे १९२६ साली मांडलं, तेही ससे-कोल्ह्यांवर नाही तर माशांवर, त्याचा जावई माशांचा अभ्यास करायचा आणि त्याला पडलेलं कोडं असं होतं की पहिल्या महायुद्धात मासेमारी घटली तेव्हा एड्रियाटिक समुद्रात दुसऱ्या माशांना खाणाऱ्या माशांचंच प्रमाण का वाढलं. पण बंड्या, हे सगळ्या पुस्तकांत आहे, शंभरातली नव्वद पोरं हेच करणार. तिला सांग, आपल्या मुंबईच्या प्लेगचा एक ग्राफ आहे, तो घे. जगात जिथं जिथं साथीच्या रोगांचं गणित शिकवतात तिथं तो ग्राफ येतोच, आणि आपल्यालाच पत्ता नसतो.

१९२७ साली एडिंबरामधल्या दोघांनी एक पेपर लिहिला, करमॅक आणि मॅकेंड्रिक. कोविडमध्ये टीव्हीवर रोज जे एसआयआर मॉडेल एसआयआर मॉडेल चाललं होतं ना, त्याचं मूळ हे. मॅकेंड्रिक डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बरीच वर्षं काढलेला. त्याच्याही आधी मलेरियाच्या रोनाल्ड रॉसबरोबर आफ्रिकेत गेलेला, आणि गणिताचं वेड बहुतेक तिथूनच लागलं असणार, कारण रॉस त्या काळात लोकांना गणितानं पटवत होता की मलेरिया घालवायला शेवटचा डास मारायची गरज नाही, डास एका ठराविक संख्येच्या खाली आणले तरी रोग आपोआप विझत जातो. करमॅक मूळचा केमिस्ट्रीवाला. १९२४ साली लॅबमध्ये एकटा काम करत असताना स्फोट झाला, कॉस्टिक (जाळणारं रसायन) डोळ्यांत गेलं आणि सव्विसाव्या वर्षी दोन्ही डोळे गेले. म्हणजे बघ, ज्या ग्राफमुळं त्याचं नाव राहिलं तो ग्राफ त्यानं स्वतः कधी पाहिलेलाच नाही. हे मला कळलं तेव्हा मी दिवसभर त्याच विचारात होतो.

आता मॉडेल. लोकसंख्येचे तीन डबे करायचे, निरोगी (एस), आजारी (आय), आणि खेळातून बाहेर पडलेले (आर, म्हणजे बरे झालेले नाहीतर मेलेले, गणिताला फरक पडत नाही, गणित तेवढं निर्दयी असतंच). सगळी गंमत एका गुणाकारात आहे. नवे आजारी किती होणार, तर निरोगी गुणिले आजारी गुणिले एक आकडा. गुणाकार का, तर रोग भेटीगाठीतून जातो, निरोगी दुप्पट झाले तर भेटी दुप्पट, आजारीही दुप्पट झाले तर चौपट. आणि बाहेर पडणारे मात्र नुसत्या आजाऱ्यांच्या प्रमाणात. बस एवढंच. यातून जे निघतं ते असं, की एक आजारी बरा व्हायच्या किंवा मरायच्या आत सरासरी एकापेक्षा जास्त जणांना रोग देत असेल तर साथ चढते, निरोगी संपत आले की तोच आकडा एकाच्या खाली येतो आणि साथ उतरते, आणि उतरते तेव्हाही काही निरोगी शिल्लक असतात, सगळे संपल्याशिवाय साथ थांबत नाही असं नाही. चुलीतली सगळी लाकडं जळायच्या आधीच जाळ विझतो तसं. ग्राफ काढला तर बैलाच्या वशिंडासारखा, हळूच चढ, टोक, हळूच उतार.

हे खरं आहे हे दाखवायला त्यांना आकडे हवे होते आणि ते त्यांनी घेतले मुंबईचे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगनं किती माणसं मेली. एकतीस आठवडे. त्यावर त्यांनी आपली रेघ बसवली, आणि सूत्रात तीनच आकडे, ८९०, ०.२ आणि ३.४. ८९० म्हणजे टोकाच्या आठवड्यातले मृत्यू. ३.४ ला ०.२ नं भाग, सतरा येतात, म्हणजे टोक सतराव्या आठवड्यात, एप्रिलच्या मध्यावर. वशिंडाखालची सगळी बेरीज केली तर साधारण ८९०० माणसं. रेघेवर ठिपके असे बसलेत की बघत राहावं.

आता इथं पोरीला थांबव आणि विचार, बाई, साथ उतरली का? मॉडेल म्हणतं निरोगी कमी पडले म्हणून. पण मुंबईत तेव्हा माणसं जवळजवळ दहा लाख! त्यातली नऊ हजारसुद्धा मेली नाहीत. शंभरातल्या नव्व्याण्णवांना रोगानं हातही लावला नव्हता, मग जळण संपलं कुठं?

उत्तर त्या दोघांनी पेपरातच दिलंय. ते म्हणतात हे गणित माणसांचं नाहीच, उंदरांचं आहे. प्लेग उंदरांत पसरतो, माणसांचे मृत्यू ही त्याची नुसती सावली, आणि आम्ही असं धरलंय की बेटावरचे सगळे उंदीर सारखेच, सगळ्यांना लागण व्हायची शक्यता सारखीच, रोगाचा जोर पूर्ण साथभर तोच. आणि पुढं सरळ लिहून टाकलंय की यातलं एकही गृहीत तंतोतंत खरं नाही, तेव्हा हे फार ढोबळ समजा. मला त्यांचा हा परिच्छेद ग्राफपेक्षा जास्त आवडतो. पुस्तकवाल्यांनी चित्र तेवढं उचललं आणि परिच्छेद खाली ठेवला, आणि मीही दहा वर्षं वर्गात तेच केलं, खोटं कशाला बोलू.

सगळे उंदीर भेळेसारखे एकजीव मिसळलेले, ही कल्पनाच बघ ना. ज्या मांडवीत १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. व्हिएगस यांनी (मूळचे गोव्याचे) पहिली केस ओळखली, तिथं धान्याची गोदामं आणि खेटून खेटून घरं, तिथला उंदीर मलबार हिलवर कशाला जाईल? आणि खरी मेख वेगळीच आहे. मुंबईत प्लेग एकदा येऊन गेला असं नाही झालं, तो वर्षानुवर्षं येत राहिला, थंडीत डोकं वर काढायचा, मार्च-एप्रिलात टोक, पावसाळ्यापर्यंत खाली. दरवर्षी तेच वशिंड जवळपास त्याच महिन्यांत. जळण संपून साथ विझत असती तर इतकं कॅलेंडर बघून कशी विझली असती? अलीकडं, २०१२ मध्ये, बकाएर नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं हेच धरून त्या जुन्या आकड्यांची उलटतपासणी केली आणि दाखवलं की ऋतू मॉडेलमध्ये घातल्याशिवाय मुंबईचा प्लेग समजत नाही.

म्हणजे रेघ बसली, पण कारण चुकलं. तीन आकडे फिरवायला मिळाले तर कुठलंही वशिंड जुळवता येतं रे.

ऋतूचा संबंध कुठून, तर पिसवांमुळं. १९०५ पासून परळच्या लॅबमध्ये प्लेग कमिशनची, म्हणजे प्लेगचा तपास करायला नेमलेली, माणसं काम करत होती, त्यांचे प्रयोग वाचताना मला वाटलं आपण गणितवाले फुकटच मिरवतो. प्लेगच्या घरांत ते गिनीपिग मोकळे सोडायचे, का, तर उपाशी पिसवा त्यांच्या अंगावर चढतात, चालता-फिरता सापळाच. पिसवा असलेल्या ठिकाणी जमिनीजवळ ठेवलेले गिनीपिग मरायचे आणि दोन फुटांवर टांगलेले वाचायचे, कारण पिसू तेवढी उंच उडी मारू शकत नाही! म्हणजे रोग हवेतून नाही, मातीतून नाही, पिसवांतून. मुंबईतले हजारो उंदीर तपासून त्यांनी क्रमही लावला, आधी गटारातले मोठे उंदीर मरतात, मग काही दिवसांनी घरातले काळे उंदीर, आणि त्यानंतर परत काही दिवसांनी माणसं. उंदीर मेला, अंग गार पडलं की पिसवा उतरतात आणि दुसरा उंदीर मिळाला नाही तर माणूस. उन्हाळा चढला की पिसवांचा जोर कमी, साथ खाली.

आता मोज, गटारातले उंदीर, घरातले उंदीर, पिसवा, माणसं आणि जंतू. पाच लोकसंख्या एकमेकांत गुंतलेल्या, वर ऋतू. आणि आपण शिकवतो तीन डबे. बरं, डबे वाढवले की प्रश्न सुटला असंही नाही, प्रत्येक डब्याबरोबर दोन-तीन नवे आकडे येतात आणि ते कुणी मोजलेले नसतात, मग ते अंदाजानं घालायचे, आणि अंदाज घालता घालता परत हवं ते वशिंड तयार. दहा आकड्यांचं मॉडेल बघितलं की मला आता भीतीच वाटते. साध्या मॉडेलची चूक निदान दिसते तरी.

हे शहाणपण फुकटचं नाहीये. तुला आठवत असेल, २०२० च्या मे महिन्यात मी एक्सेलमध्ये आपल्या जिल्ह्याचे आकडे टाकून रेघ बसवली होती आणि आपल्या शाळेच्या ग्रुपवर जाहीर केलं होतं की जूनअखेर टोक येणार, मग उतार. काय सुंदर बसली होती रेघ! गणपती आले तरी ग्राफ चढतोच आहे, आणि तू रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या ऐवजी "मास्तर, टोक कुठाय" टाकत होतास. नालायका. माझी चूक नेमकी कुठं झाली ते तेव्हा नाही कळलं, आता कळतंय. साथ चढत असताना आकड्यांतून फक्त चढण्याचा वेग कळतो. लागण किती जोरात होते आणि माणूस किती लवकर खेळातून बाहेर पडतो या दोन्हींच्या फरकातून तो वेग येतो, दोन्ही वेगवेगळे कळतच नाहीत. दहा वजा सातही तीन आणि पाच वजा दोनही तीन. चढ दोन्हींचा सारखाच, टोक मात्र पार वेगळं. त्यात लोक घाबरून घरात बसतात, मग कंटाळून बाहेर पडतात, म्हणजे लागणीचा आकडासुद्धा दर आठवड्याला बदलणार.

आणि आता आमच्या पणजीचं. ती मी सहावीत असताना गेली, पण तिचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे, "उंदीर पडायला लागले की घर सोडायचं." पटकी (कॉलरा), मानमोडी (फ्लूची साथ), प्लेग सगळं तिनं बघितलेलं नाहीतर ऐकलेलं. आढ्यावरून उंदीर टपकन पडून मेला की गावात कुणी डॉक्टरची वाट बघायचं नाही, भांडीकुंडी, गुरं घ्यायची आणि सगळं गाव उठून माळावर झोपड्या घालून राहायचं, दोन-तीन महिने, उंदीर पडायचे थांबेपर्यंत. मी लहानपणी ही अंधश्रद्धा समजायचो. पण बघ ना, म्हातारीनं माणसांचे आकडे मोजलेच नाहीत, ती आधीच्या डब्याकडं बघत होती! उंदरांपासून माणसांपर्यंत यायला रोगाला जे काही दिवस लागतात तेवढ्या दिवसांत ती घर रिकामं करून मोकळी, आणि माळावर उंदीर नाहीत म्हणजे पिसवा नाहीत, तो गुणाकारच शून्य. परळच्या लॅबला जे सिद्ध करायला एवढे गिनीपिग लागले ते हिच्या एका वाक्यात होतं, फक्त पिसू तेवढी तिला माहीत नव्हती. (आणि काही लोक माळावर गेल्यावरही मेले, तेही ती सांगायची, रोग अंगात घेऊनच गेलेले असणार.)

तर पोरीला सांग असं कर. ते ८९० वालं सूत्र घे, एकतीस आठवड्यांची रेघ काढ, पेपरातले ठिपके त्यावर मांड. मग पहिले दहा आठवडे ठेव, उरलेले कागदानं झाक, आणि फक्त त्या दहांवरून टोक कधी येणार ते सांगून दाखव. वेगवेगळे तीन आकडे घेऊन चार-पाच रेघा काढ, सगळ्या त्या दहा ठिपक्यांवर बऱ्या बसतील आणि पुढं चार दिशांना जातील. प्रोजेक्टमध्ये ते चित्र आधी लाव. सरांना आवडलं नाही तर माझं नाव सांग, तसंही माझं नाव ग्रुपवर खराब झालेलंच आहे.

एक काम तुझ्याकडं. तुझ्या आईला विचार, त्यांचं गाव प्लेगात उठून कुठं जायचं. आमच्याकडं ती जागा अजून दाखवतात, आता तिथं पेट्रोल पंप झालाय. तुमच्याकडची जागा कळली तर मे महिन्यात येशील तेव्हा गाडी काढून बघून येऊ, पोरीलाही घे.

वहिनींना नमस्कार, आईंना सांग गुडघ्याचं तेल मिळालं, पाठवतो.

तुझा,
मास्तर