इन्फ्रारेड जोडणी सुरू करून देणाऱ्या भाऊंना जाहीर आभारपत्र

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

दर्यापूर तालुक्यातील आमच्या कृषी केंद्रात विंडोज एक्सपीवर चालणारा जुना संगणक आणि त्याच काळातला नोकिया 6610 फोन यांची इन्फ्रारेडने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने, तारेविना गाठ घालून फोनमधली नावे संगणकात उतरवून दिल्याबद्दल आपले मनापासून आभार मानतो. हे पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, असे फोन आणि असे संगणक आपल्या भागात अजून बऱ्याच जणांच्या कपाटांत पडून आहेत, आणि आपण ज्या क्रमाने दोष शोधलात तो क्रम त्यांनाही उपयोगी पडेल.

त्या फोनमध्ये ब्लूटूथ नाही आणि केबल लावायची खालची जागा गंजून निकामी झाली आहे. सगळी नावे सिमकार्डावर उतरवून घ्या, असे मला अनेकांनी सुचवले होते; पण सिमवर नाव आणि नंबर एवढेच जाते, नावाखाली लिहिलेली टीप फोनमध्येच राहते. माझ्या कामाचे सगळे त्या टिपांतच आहे. आपला हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा असल्यामुळे कोणाच्या विहिरीचे पाणी खारे आहे, कोण नुसत्या ओलाव्यावर हरभरा घेतो, कोणाच्या वावरात पाणी साचते, हे मी वर्षानुवर्षे त्या टिपांत लिहीत आलो. शेतकऱ्याचा फोन आला की आधी टीप वाचायची आणि मगच बियाण्याचे बोलायचे, अशी माझी पद्धत आहे. मृगाच्या तोंडावर हा फोन कायमचा बंद पडला असता तर माझे कसे निभावले असते, ते मला सांगता येणार नाही.

संगणकाला इन्फ्रारेडचा अडॅप्टर पूर्वीच एका कारागिराने बसवून दिला होता, मात्र तो कधी चाललाच नाही. यूएसबीचा नवा अडॅप्टर घ्या, असे आपणही सहज सांगू शकला असता. आपण मात्र आधी बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारी संगणकाची मूळ मांडणी, उघडलीत. मदरबोर्डवरचे दुसरे सिरियल पोर्ट आणि इन्फ्रारेड हे दोन्ही एकाच चिपवर चालतात, त्यामुळे त्यांपैकी एकच एका वेळी वापरता येते, आणि ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’मध्ये हा पर्याय ‘नॉर्मल’वर असेपर्यंत विंडोजला इन्फ्रारेड दिसणारच नाही, हे आपण दाखवून दिलेत. तेथे ‘आयआरडीए’ आणि ‘एएसके-आयआर’ असे इन्फ्रारेडने माहिती पाठवण्याच्या पद्धतींचे दोन पर्याय होते. दुसरी पद्धत वेगळी असून या फोनला पहिलीच लागते, हेही आपण तेव्हाच सांगितलेत. संगणक पुन्हा सुरू झाला आणि कंट्रोल पॅनेलमध्ये पूर्वी कधीही न दिसलेले ‘वायरलेस लिंक’चे चित्र आले. मागचे कॉम-2, म्हणजे तेच दुसरे सिरियल पोर्ट, त्यामुळे बंद झाले खरे, पण त्यावरचा मोडेम तसाही धूळ खात पडला होता.

तरीही फोन सापडत नव्हता. यानंतर आपण जे केलेत ते मला सर्वांत आवडले. इन्फ्रारेडचा प्रकाश 850 ते 900 नॅनोमीटर तरंगलांबीचा असल्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही. आपण आपल्या मोबाइलचा सेल्फीचा कॅमेरा अडॅप्टरच्या काळ्या भिंगासमोर धरलात, आणि पडद्यावर थोड्या थोड्या वेळाने फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसला. संगणक साद घालत होता. म्हणजे वीज पोहोचत होती, ड्रायव्हर बसला होता आणि पाठवणारी तारही बरोबर होती. उरली ती फक्त ऐकणारी तार. एवढ्या एका ठिपक्यावरून आपण निम्म्याहून अधिक शंका बाजूला सारल्यात. एरवी आमच्याकडे असे काही अडले की पहिला सल्ला विंडोज नव्याने टाकण्याचा मिळतो!

त्यानंतर आपण कॅबिनेट उघडलेत. मदरबोर्डवर पाच पिनांची जागा होती आणि तिच्याजवळची बारीक अक्षरे वाचायला आपण माझे बियाणे तपासण्याचे भिंग मागून घेतलेत. तेथील क्रम असा होता: आधी पाच व्होल्टची पिन, मग रिकामी, मग येणाऱ्या संदेशाची, मग ग्राउंड आणि शेवटी जाणाऱ्या संदेशाची. अडॅप्टरच्या प्लगमध्ये येणाऱ्या संदेशाची तार नेमकी रिकाम्या पिनेच्या समोर येत होती, कारण हा क्रम प्रत्येक उत्पादकाचा सारखा नसतो. वीज आणि ग्राउंड यांची अदलाबदल झाली तर अडॅप्टर जळू शकतो, म्हणून आपण मल्टिमीटरने पाच व्होल्ट मोजून खात्री केलीत, संगणक बंद करून त्याची विजेची वायर काढलीत आणि टाचणीच्या टोकाने प्लगमधली प्लास्टिकची इवलीशी जीभ उचलून ती एकच तार शेजारच्या घरात सरकवलीत. कापाकापी नाही, डाग देणे नाही.

फोन लगेच सापडला, पण नोकियाच्या ‘पीसी सूट’ या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये नावे उतरताना जोडणी मध्येच तुटू लागली. त्याची दोन कारणे आपण शोधलीत. तिसऱ्या प्रहरी आमच्या दुकानाच्या दारातून थेट ऊन टेबलावर येते, आणि उन्हातल्या इन्फ्रारेडपुढे फोनचा क्षीण प्रकाश अडॅप्टरला ओळखू येत नाही, म्हणून आपण शटर अर्धे खाली ओढायला लावलेत. शिवाय ‘वायरलेस लिंक’च्या हार्डवेअर विभागात जाऊन कमाल वेग सेकंदाला 115200 बिटांवरून 57600 वर आणलात. वेळ थोडा जास्त लागला. तेवढे चालण्यासारखे होते. फोन अडॅप्टरसमोर वीतभर अंतरावर सरळ ठेवावा, कारण आयआरडीएची पोहोच साधारण एक मीटर असली तरी दोन्ही बाजूंना सुमारे 15 अंशांच्या बाहेर गेले की भरवसा उरत नाही. आणि फोनवर इन्फ्रारेड सुरू करून दोन मिनिटांत काम सुरू केले नाही तर ते आपोआप बंद होते, हे दोन्ही आता माझ्या मुलालाही पाठ झाले आहे.

सर्व नावे टिपांसकट संगणकात आली आणि त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवरही ठेवली आहे. या संगणकावरची एक्सपी बदलू नका, हा आपला सल्ला मी पाळणार आहे. विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या कर्नेलमधूनही, म्हणजे तिच्या गाभ्यातूनही, 2018 मध्ये, 4.17 या आवृत्तीपासून आयआरडीए काढून टाकले गेले, असे आपण सांगितल्यावर अशी यंत्रणा नव्या संगणकावर पुन्हा उभी करणे किती अवघड होईल, ते माझ्या लक्षात आले.

आपण मजुरी म्हणून फक्त पेट्रोलचे पैसे घेतलेत, ते मला अजूनही पटलेले नाही, आणि त्याबद्दल समक्ष भेटीत बोलेनच. पिनांचा क्रम आणि बायोसमधील पर्याय आपण सांगितल्याप्रमाणे कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. शेजारच्या गावातील एका खतविक्रेत्याकडेही इन्फ्रारेडचा तसाच फोन आहे. त्यांना पुढच्या बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानी बोलावले आहे. त्यांचे काम मी आणि मुलगा मिळून करू, आणि कुठे अडलो तरच आपल्याला फोन करू.

आपला कृतज्ञ,
एक कृषी केंद्रचालक
तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती