साथ द्या, पण तिच्या लेखी संमतीने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगणा, मिहान इथल्या कंपन्यांत महिलेच्या लैंगिक छळाविरुद्ध तिच्या बाजूने बोलणारे सहकारी भेटतात, याचा आनंद आहे. पण ‘ताई, घाबरू नका, मी बघतो’ एवढे म्हणून तो सहकारी परस्पर साहेबांकडे गेला की प्रकरण बिघडू लागते.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार शेवटच्या घटनेपासून 3 महिन्यांत कंपनीच्या अंतर्गत समितीकडे (अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या) लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असल्यास समिती आणखी 3 महिन्यांपर्यंत मुदत देऊ शकते. ‘आधी समजावून पाहू’ म्हणत ही मुदत हातची जाते. कुणी संतापून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचे नाव टाकतो. कलम 16 नुसार तिची ओळख जाहीर करता येत नाही. शिवाय ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला बदनामीची ओरड करायला जागा मिळते आणि बोलायला तयार असलेला साक्षीदार मागे सरतो.

सर्वांत जास्त नुकसान चांगल्या हेतूने केलेल्या बदलीने होते. ‘सुरक्षित राहील’ म्हणून तिलाच दुसऱ्या विभागात पाठवले जाते. तिचे ओव्हरटाइम बुडते, ओळखीची माणसे तुटतात आणि खात्यात चर्चा होते की हिचेच काही चुकले असेल. चौकशी सुरू असताना कलम 12 खाली बदली किंवा 3 महिन्यांपर्यंतची रजा मिळू शकते, पण तिने लेखी मागितली तरच. आणि बदली ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचीही करता येते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. तडजोडही केवळ तिच्या विनंतीवरूनच होते, आणि ती पैशांच्या आधारावर करता येत नाही.

म्हणून आधी तिला विचारा: काय हवे आहे, कुणाला कळलेले चालेल? स्वतः पाहिले तेवढेच तारीख-वेळेसह त्याच दिवशी लिहून ठेवा. ऐकीव गोष्ट साक्षीत घातली की उलटतपासणीत खरी साक्षही डळमळते. तिला स्वतः तक्रार देणे शक्य नसेल तर घटनेची माहिती असलेला सहकारी देऊ शकतो, मात्र तिच्या लेखी संमतीने. तक्रारीच्या 6 प्रती, पुरावे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते लागतात. ही जमवाजमव तिच्यासोबत बसून करा.

इतवारीतल्या दुकानात दहापेक्षा कमी कामगार असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातो. अर्ज द्यायला ती जाईल त्या दिवशी तिचे काम कोण सांभाळणार, हे आधीच ठरवून ठेवा.

— अंतर्गत समित्यांवरील काही बाह्य सदस्य, नागपूर